शक्यतासरांची हळद

सरांच्या तोंडून सरळ 'हो' किंवा सरळ 'नाही' ऐकलेला माणूस मला कॉलेजात कुणी दाखवला नाही. कॅन्टीनचे मामा दारात उभे राहून विचारायचे, "सर, चहा आणू का?" सर परीक्षानळीवरची नजर न काढता म्हणायचे, "शक्यता आहे." मामा मुकाट्यानं चहा आणायचे. पोरं विचारायची, "सर, उद्या प्रॅक्टिकल आहे?" शक्यता आहे. "सर, पाऊस येईल का?" शक्यता आहे. एकदा प्राचार्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "तुम्ही पुढच्या वर्षी विभागप्रमुख व्हाल ना?" तेव्हाही तेच. प्राचार्यांनी ते पद दुसऱ्याला दिलं आणि सरांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. सांगलीच्या फार्मसी कॉलेजात त्यांचं नाव शक्यतासर पडलं ते असं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, बाकी कुणाच्या तोंडात नव्हतं.

मी त्यांच्याकडे आले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. माझं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या अंगाला. आमच्या वस्तीतली मी पहिली पदवीधर. निकाल लागला त्या दिवशी विहारात मला पुढं बसवून पेढे वाटले होते, आणि आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरोघरी जाऊन 'पोरगी बी.फार्म. झाली' हे सांगताना दर घरी त्या बी.फार्म.चा उच्चार वेगळा केला होता. त्यामुळं सरांच्या प्रकल्पावर मदतनीस म्हणून मुलाखतीला गेले तेव्हा माझी मान जरा ताठ होती. सर म्हणाले, "काय काय येतं तुला?"

"सगळं येतं, सर."

"मग इथं कशाला आलीस? आम्हाला काही येत नाही म्हणून तर इथलं काम चाललंय."

तरी त्यांनी मला घेतलं. पुढं कधी उशीर झाला की चष्म्यावरून बघत म्हणायचे, "रंजना, घराण्यात पहिली ना तू? मग इथंही कधीतरी पहिली येत जा. झाडूवाल्या मावशी रोज तुझ्या पुढं असतात."

सरांचं काम हळदीवर होतं. सांगलीत राहून दुसऱ्या कशावर करणार? हळदीचा पिवळा अर्क काढायचा आणि म्हातारपणी मेंदू झिजण्याचे जे आजार होतात, त्यांच्यावर तो काही करतो का हे उंदरांवर पडताळायचं, असा तो विषय. पण प्रयोगशाळेत 'औषध' हा शब्द उच्चारायला बंदी होती. सरांचा नियमच होता, जो 'औषध' म्हणेल त्यानं त्या दिवशी उंदरांचे पिंजरे धुवायचे. पहिल्या आठवड्यात मी ते पिंजरे इतक्यांदा धुतले की उंदीर मला बघून हसत असावेत. एकदा बाहेरचे पाहुणे आले होते. त्यांना माहिती देताना सरांच्याच तोंडून तो शब्द निसटला. पाहुणे गेल्यावर सरांनी कुणी काही म्हणायच्या आत बाह्या वर केल्या आणि ब्रश हातात घेतला. आम्ही कुणी हसलो नाही असं मी म्हणणार नाही.

नव्या मुलांना ते हा विषय वांग्यावर शिकवायचे. कृष्णाकाठचं मोठं वांगं आणायला मला सांगायचे. ते मधोमध चिरायचं आणि एका फोडीला हळदीचं पाणी चोळून दुसरी तशीच ठेवायची. थोड्या वेळानं उघडी फोड काळवंडायला लागायची. "हवेतला प्राणवायू आपल्याला जगवतो आणि तोच आपल्याला गंजवतोही," सर म्हणायचे. "चुलीत लाकूड जळतं तेव्हा ठिणग्या उडतात की नाही? तशा शरीरात उडतात. मेंदू सगळ्यात जास्त जाळतो, त्यामुळं तिथं ठिणग्या जास्त. तरुणपणी शरीर त्या विझवतं. पुढं पुढं विझवायचं राहून जातं. वनस्पतींत असे काही पदार्थ असतात, की ते ठिणगी स्वतःच्या अंगावर घेतात. हळदीत आहेत, द्राक्षाच्या बीत आहेत, आवळ्यात आहेत. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात." मग एखादा हुशार विद्यार्थी हात वर करायचाच. "म्हणजे सर, हळद खाल्ली की मेंदू—" सर वांग्याची फोड त्याच्या हातात द्यायचे. "ही फोड आहे बाळ. डोकं नाही."

आता सर जैन. त्यांच्या घरी मुंगीसुद्धा वाट देऊन ओलांडली जायची, आणि इथं उंदीर. प्रयोगाच्या शेवटी उंदराचा मेंदू तपासावा लागतो, त्याला इलाज नसतो. ते काम सर कधी दुसऱ्यावर ढकलत नसत. स्वतः करायचे, आणि त्या दिवशी पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. मामांचा चहा परत गेला की सगळ्या विभागाला कळायचं, आज उंदरांची पाळी आहे. शिवाय सूर्य मावळायच्या आत जेवण. थंडीच्या दिवसांत साडेपाच वाजले की हातातली नळी तशीच स्टँडला लावून सर सायकलवर टांग टाकायचे. इतर विभागांतले लोक म्हणायचे, "परदेशात ह्या विषयावर लोक रात्रंदिवस राबतात, आमच्या संशोधनाला मात्र सूर्य आडवा येतो." हे सरांच्या कानावर गेलं तर ते म्हणायचे, "उंदरांनाही विश्रांती लागते."

सर राहायचे हळदीच्या पेठेत, थोरल्या भावाच्या घरी. खाली गोदाम आणि वर घर. सरांची बायको लवकर गेली, मुलगी वहिनींनीच वाढवली. थोरल्या भावाला सगळी पेठ दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणायचे. वडील गेले तेव्हा दादांनी शाळा सोडली आणि दुकानात बसले, म्हणून धाकट्याला पुस्तकात बसता आलं. ही गोष्ट घरात कुणी बोलत नसे, पण दादांच्या आवाजात ती असायची. मी अर्कासाठी हळद आणायला गेले की दादा हमखास विचारायचे, "काय पोरी, आमच्या बाळूचं उंदीर काय म्हंत्यात?"

"बरे आहेत, दादा."

"बरंच आसणार. दूध-भाकरी खाऊन माझी अस्सल हळद चाटायला मिळती त्यास्नी. पुढल्या जल्मी उंदीरच व्हावं म्हंतो, बाळूच्या कालिजातला."

दादांचं हळकुंड पारखणं बघण्यासारखं होतं. हळकुंड कानाजवळ धरून कट्कन मोडायचे, आवाज ऐकायचे, मग मोडलेला तुकडा नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटून गावाचं नाव सांगायचे. सर म्हणायचे, "दादाच्या नाकापुढं आमचं यंत्र फिकं आहे." दादा म्हणायचे, "मग यंत्र कशाला घेतलंस? मलाच ठेवायचं कालिजात."

पण एके दिवशी मी गेले तर दादांनी हळकुंड मोडलं, नाकाशी धरलं, बराच वेळ धरलं आणि तसंच माझ्या हातात दिलं. "बघ गं, वास कसा हाय?" मी म्हटलं, चांगला आहे की. दादांनी मान हलवली आणि विषय बदलला. मला त्यात काही वाटलं नाही. म्हातारं माणूस, सर्दी झाली असेल. कंपवातात हाताच्या कितीतरी आधी नाक जातं, हे मला खूप नंतर वाचायला मिळालं.

मग ते रुमालाचं झालं. त्या काळी बाजारात भाव तोंडानं होत नसे. ढिगापाशी अडत्या उभा राहायचा, एकेक खरेदीदार पुढं यायचा, दोघांच्या हातांवर रुमाल पडायचा आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगितला जायचा. कोणती बोटं, कितीदा दाबली, त्यावर आकडा ठरायचा. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागायचा नाही. आणि एकदा रुमाल उचलला की दाबलेलं मागं घ्यायचं नाही, हा तिथला कायदा. तर त्या हंगामात दादांची बोटं बघता बघता चढ्या भावाची झाली. साधा ढीगही ते वरच्या भावानं घेऊ लागले. पेठ चकित झाली. चाळीस वर्षं मुरलेला माणूस उगीच वाढवणार नाही, ह्याला नक्की काहीतरी बातमी लागलीय, असं म्हणून बाकीचेही भाव वाढवू लागले. शेवटी एक व्यापारी सरांना रस्त्यात गाठून कानाशी लागला, "सर, खरं सांगा, परदेशात हळदीची मागणी वाढल्याली हाय न्हवं? तुमी दादास्नी सांगितलंयसा."

सरांनी कधी नव्हे ते 'शक्यता आहे' म्हटलं नाही. मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. नमुना घ्यायचाय." नमुना आदल्याच दिवशी घेतला होता, पण मी गेले.

दादा गादीवर बसले होते. सरांनी समोर बसून खिशातला रुमाल काढला, दादांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि वर रुमाल टाकला.

"दादा, भाव सांग."

"खुळा का काय तू?"

"सांग की. साध्या मालाचा."

दादांनी बोटं दाबली. मला फक्त रुमाल दिसत होता, आणि त्या रुमालाचं एक टोक थरथरत होतं, मुठीत चिमणी धरल्यावर थरथरावं तसं. दादांनी भाव एकदाच दाबला होता. बाकीचं त्यांचा अंगठा स्वतःच्या मनानं दाबत होता, आणि बाजारात अडत्या ते सगळं भावात धरत होता.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

"झालं की दिवाळीपस्नं."

"मग बोलला का नाहीस? इतका माल अंगावर घेतलास."

"रुमालाखालचं भाईर काढायचं नसतं, बाळू," दादा म्हणाले आणि त्यांनी हात काढून मांडीखाली दाबून ठेवला.

मिरजेच्या डॉक्टरांनी बघितलं, कंपवात आहे म्हणाले, गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी दादांचा हात पुष्कळ सुधारला. पण डॉक्टर सरळ बोलणारे होते. त्यांनी सांगितलं, हे थांबणार नाही, हळूहळू पुढं जाणार, गोळ्या वाढवत जाऊ. त्या दिवसापासून सरांच्या प्रयोगाची तऱ्हा बदलली. आधी तो एकंदर म्हातारपणाबद्दल होता, आता कंपवाताबद्दल झाला. उंदरांना तसा आजार आणायचा, मग निम्म्यांना तेलात कालवलेला हळदीचा अर्क द्यायचा आणि निम्म्यांना नुसतं तेल. मग त्यांना फिरत्या दांडक्यावर चढवायचं. आजारी उंदीर लगेच पडतो. कोण किती टिकतो ते बघायचं.

आणि इथंच दादा आणि सर ह्यांचं वाजलं. दादांना हे कळायचा अवकाश, त्यांनी माझ्यासमोरच भावाला विचारलं, "मग मला कवापस्नं देतूस?"

"दादा, ते माणसाला द्यायचं नाही अजून."

"आरं, हळदच हाय न्हवं? जल्मभर खाल्ली."

"भाजीतली हळद वेगळी. हा अर्क तिच्या कितीतरी पट तीव्र. तुझ्या यकृतावर काय करील, तुझ्या गोळ्यांशी भांडेल का, मला ठाऊक नाही. ठाऊक झाल्याशिवाय मी देणार नाही."

"उंदराला देतूस, आन सख्ख्या भावाला न्हाई?"

दादांनी बोलणं टाकलं. एका घरात, एका ताटलीतले फुटाणे खात दोघं भाऊ बसायचे, आणि दादा वहिनींना म्हणायचे, "त्या मास्तरास्नी म्हणावं, पाणी पायजे काय." वहिनी शेजारीच बसलेल्या सरांना विचारायच्या, "पाणी पाहिजे का?" आणि सर म्हणायचे, "शक्यता आहे." वहिनी मला सांगायच्या, दोघांच्या कानाखाली दोन-दोन ओढाव्यात असं वाटतं बघ.

मला माहीत होतं सरांचं काय चाललंय ते. कोणत्या पिंजऱ्यात अर्क आणि कोणत्या पिंजऱ्यात नुसतं तेल, हे फक्त मला ठाऊक असायचं. बघणाऱ्याला माहीत असलं तर त्याचे डोळे लबाडी करतात, म्हणून हा नियम सरांनीच घातला होता. पण दादांनी अबोला धरल्यापासून सर दिवसातून दोन-तीनदा माझ्या टेबलाशी घुटमळायचे. "रंजना, खिडकीजवळच्या पिंजऱ्यातला तो शेपूट वाकडी असलेला आज छान टिकला नाही?"

"टिकला की."

"त्याला अर्क आहे का?"

"सर, विचारायचं नाही."

"बरोबर आहे. बरोबर आहे. मी सहज म्हटलं." मग दाराशी जाऊन परत यायचे. "तू चांगलं केलंस, सांगितलं नाहीस ते. पण आहे का?"

शेवटी सगळी मोजमापं झाली. अर्क मिळालेले उंदीर दांडक्यावर बाकीच्यांपेक्षा खरोखरच जास्त टिकले होते. खूप नाही, पण टिकले होते. त्यांच्या मेंदूत झीजही कमी होती. सरांनी ते बघितलं आणि खुर्चीतून उठून प्रयोगशाळेत एक चक्कर मारली, मग आणखी एक. मला वाटलं आता धावत पेठेत जातील. पण परत बसले आणि म्हणाले, "उंदराला आपण किती दिलं? त्या हिशेबानं माणसाला रोज भांडंभर लागेल. आणि जे पोटात जातं त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं, मेंदूपर्यंत त्याहून थोडं. वाट बंद आहे, रंजना. ती उघडायला आणखी कुणाची तरी हयात जाईल."

हे वहिनींमार्फत दादांच्या कानावर गेलं. दादांनी वहिनींमार्फतच उत्तर पाठवलं: "मास्तरास्नी म्हणावं, भांडंभर काय, पोतंभर खातो. गोदाम माझंच हाय."

त्याच सुमारास साताऱ्याला एका मंडळानं सरांचं व्याख्यान ठेवलं. सर वांगं घेऊन गेले. शेवटी एका स्थानिक दैनिकाच्या तरुण वार्ताहरानं उठून विचारलं, "म्हणजे सर, हळदीनं कंपवात बरा होतो, असं म्हणायचं का?" सर म्हणाले, "शक्यता आहे." दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरात आलं, 'हळदीने कंपवात बरा! सांगलीच्या प्राध्यापकाचा शोध'. शक्यतेला मथळ्यात जागा मिळाली नव्हती.

पुढं जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. एक-दोन दिवस शांततेत गेले, आणि मग एका सकाळी कॉलेजच्या फाटकाशी माणसं दिसायला लागली. शिरवळहून, वाईहून, खटाव-माणमधून, पाटणहून. एसटीनं आलेली, जीपनं आलेली. कुणी आईला आणलेली, कुणी सासऱ्याला. हात कापणारी, मान कापणारी, पाऊल उचलता न येणारी माणसं फाटकाच्या कट्ट्यावर ओळीनं बसली होती. शिपाई म्हणाला, सर, मागच्या दारानं जावा. सरांनी सायकल लावली आणि सरळ त्यांच्यात गेले.

"माझ्याकडं औषध नाही," ते म्हणाले. मी शेजारी उभी होते. इतक्या वर्षांत कॉलेजात त्यांच्या तोंडून असं उघडं 'नाही' मी पहिल्यांदा ऐकलं. "पेपरात आलंय ते बरोबर नाही. प्रयोग उंदरांवर झालाय. माणसाला उपयोग होतो की नाही, हे मला ठाऊक नाही."

"आवं सर, शिरवळवरनं आलोय, आईला घिऊन," एकजण म्हणाला. "थोडं पुडीत बांधून द्या. आमी कुनाला सांगत न्हाई."

"पुडीत बांधायला काही नाही हो."

"आसणार की. उंदरास्नी हाय आन माणसास्नी न्हाई, आसं कुटं आसतंय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "पैशेवाल्यांसाठी ठिवलं आसंल! आमास्नी कशाला देत्यात!" मग सगळेच बोलायला लागले. सर प्रत्येकाला तेच सांगत होते, त्यांचा आवाज बसत चालला होता, आणि कुणीही उठत नव्हतं. मी मध्ये पडून दोन शब्द सुनावले तर एक बाई मला म्हणाली, "तू गप गं, तुला काय कळतंय." माझी बी.फार्म. तिथं काही कामाला आली नाही.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि त्यातून दादा उतरले. वहिनींनी नंतर सांगितलं, सकाळी पेपरची बातमी कुणीतरी वाचून दाखवली आणि दादांचा पारा चढला. साऱ्या मुलखाला वाटतोय आन मला तेवढं न्हाई, म्हणत ते तडक निघाले होते. भांडायलाच आले होते. त्यांचा पाय आधी जमिनीला चिकटायचा, मग सुटायचा. तसे अडत अडत ते गर्दीच्या कडेला आले आणि उभे राहिले. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. सरांनी त्यांना बघितलं आणि बोलायचे थांबले.

दादा मध्ये घुसले.

"गप बसा सगळी," ते म्हणाले. बाजारात ढिगापाशी लावायचा तो आवाज होता. सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. "मी ह्याचा थोरला भाऊ." त्यांनी उजवा हात वर केला आणि तो कापत होता तसा कापू दिला. ज्या माणसानं तो हात महिनोन्महिने रुमालाखाली आणि मांडीखाली लपवला, त्यानं तो भर रस्त्यात सगळ्यांपुढं धरला. "ह्यो हात बघा. ह्या हातानं मी ह्याला शाळंत घातला. ह्या हाताला ह्यानं आजून चिमूटभर दिल्याली न्हाई. लय भांडलो, तरी न्हाई. मला दिली न्हाई ती तुमास्नी देतोय व्हय? त्याच्याकडं न्हाई. असती तर दिली असती. जावा मिरजंला, तितं डॉक्टर हाईत, गोळ्या घ्या. मला त्यानंच हात उचलतोय एवढा."

मग मघाच्या शिरवळच्या माणसाची आई, जी सगळा वेळ खाली बघत बसली होती, ती बारीक आवाजात म्हणाली, "गोळ्या कवा घ्यायच्या वो? जेवून का उपाशी?"

"जेवायच्या आदी," दादा म्हणाले. "जेवल्यावर घेतली की चढत न्हाई नीट. आन येळ चुकवायची न्हाई, मावशी." आणि तिच्याजवळ कट्ट्यावर टेकले.

गर्दी पांगल्यावर सर दादांना रिक्षात बसवायला गेले. मी त्यांची काठी घेऊन मागं होते.

"बाळू," दादा म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी सरळ हाक मारली होती. "असती तर दिली असतीस न्हवं?"

"हो, दादा," सर म्हणाले.

त्यानंतर माणसं येणं काही लगेच थांबलं नाही. पण दादांनी फाटकाशी खुर्ची मांडली. सकाळची गोळी अंगात उतरली की रिक्षानं यायचे आणि दुपारपर्यंत बसायचे. आलेल्या माणसाला आधी बसवायचे, पाणी द्यायचे, गाव विचारायचे आणि मग आपला हात पुढं करून मिरजेचा पत्ता सांगायचे. सरांनी तासभर समजावलं तरी जे लोक हलत नसत ते दादांचं ऐकून दहा मिनिटांत उठायचे. सर खिडकीतून बघायचे आणि पुटपुटायचे, "ह्यालाच विभागप्रमुख करायला हवं होतं." दादांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "पगार काय हाय?"

दादा त्यानंतर काही वर्षं काढून गेले. शेवटी अंथरुणालाच होते, छातीत कफ झाला आणि संपलं. दिवस झाल्यावर सर कॉलेजात आले. पिंजरे तपासले, पाणी बदललं, मग माझ्या समोरच्या स्टुलावर येऊन बसले.

"रंजना," ते म्हणाले, "दिली असती तर काय बिघडलं असतं गं? फार तर उपयोग झाला नसता. त्याला तेवढं तरी वाटलं असतं."

मी नळ्या धूत राहिले. थोड्या वेळानं सर उठून वर्गावर गेले, आणि पोरांना वांगं चिरून दाखवलं.

पुढं सर निवृत्त होऊन साताऱ्याला मुलीकडं गेले. मी शिरवळच्या एका कारखान्यात लागले, वनस्पतींच्या अर्काच्या कॅप्सूल करणाऱ्या. माल तपासायचं काम. विक्रीवाली मुलं दर महिन्याला येतात, मॅडम, डबीवर 'मेंदूच्या सर्व विकारांवर' एवढं टाकू या की. मी म्हणते, आमच्या सरांच्या हाताखाली असता तर आज पिंजरे धुतले असते तुम्ही. त्यांना कळत नाही, पण डबीवर ते छापलं जात नाही. एवढं मी अभिमानानं सांगू शकते.

आणि मी तिथं नवी असताना एका संध्याकाळी आबांचा फोन आला, गावातल्या एसटीडीवरून. आबांचे थोरले भाऊ, आमचे आप्पा, त्यांचा हात कापायला लागला होता. "तुझ्या कंपनीत हाय न्हवं कायतरी मेंदवाचं? पाठीव की दोन डब्या."

"आबा, त्याचा उपयोग आहे असं अजून कुणाला ठाऊक नाही. आप्पांना मिरजेला घेऊन या."

"एवढी शिकलीस आन घरच्या माणसाला न्हाईच म्हंतीस व्हय?" आबा म्हणाले आणि त्यांनी फोन आपटला. विहारात पेढे वाटणारे आबा. आठवड्यानं त्यांचाच पुन्हा फोन आला, आवाज खाली होता. "कवा यायचं मिरजंला?"

डॉक्टर नवे होते का जुनेच, ते विचारायला मी साताऱ्याला सरांना फोन केला. त्यांनी नाव सांगितलं, कोणत्या वारी जाणार ते विचारलं आणि फोन ठेवला. बाकी काही बोलले नाहीत.

दवाखान्यात आप्पांना आत घेतलं. मी केसपेपर काढायला खिडकीशी उभी होते आणि आबा बाहेर बाकावर, पिशवी शेजारी ठेवून, दाराकडं डोळे लावून बसले होते. जिन्यावरून पांढरा शर्ट, जाड चष्मा, हातात जेवणाचा डबा असे सर वर येताना दिसले. सकाळच्या एसटीनं आले होते. थकले होते, पण चाल तीच. मला हात करून ते आधी बाकाकडं गेले. आबांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते घाईनं उठून हात जोडायला लागले. "नमस्कार डॉक्टर, भाऊ आत हाय आमचा."

"डॉक्टर आत आहेत," सर म्हणाले. "मी पेशंटचा भाऊ."

आबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "थोरलं का धाकलं आजारी तुमचं?"

"थोरला."

"आमचं बी थोरलंच," आबा म्हणाले, आणि पिशवी उचलून मांडीवर घेऊन त्यांनी सरांना बाकावर जागा केली.